डाव्या सीटवरून निवडलेली गाडी

ब्रेक खाली जाईना. शिकणाऱ्या मुलीने पाय दाबला, पुन्हा दाबला आणि म्हणाली, "ताई, दबत नाही."

गाडी जळगावबाहेर, असोद्याच्या बाजूला रेल्वेच्या पुलाचा उतार उतरत होती. खाली केळीच्या बागेला वळण्यासाठी एक ट्रॅक्टर रस्त्यात आडवा झाला होता. मागच्या ट्रॉलीवर मजुरीला निघालेल्या बायका बसल्या होत्या. माझी सून शिकवणारी, म्हणून डाव्या सीटवर होती. मी मागे होते. शिकवण्याच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच बसवलेले असतात. सुनेने तिच्याकडचा ब्रेक दाबला. तोही दबेना. तो आतून उजव्या ब्रेकलाच जोडलेला असतो, एक अडला की दुसरा अडतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त सुनेची मान दिसली. ती ताठ झाली.

ट्रॉलीवरच्या एका बाईने आमच्याकडे पाहून हात वर केला. थांबा म्हणत होती की काय म्हणत होती, देव जाणे.

आधी ही गाडी आमच्याकडे कशी आली ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझी सून जळगावात दुसऱ्याच्या क्लासमध्ये गाडी शिकवायची. तिच्याकडे बायकाच जास्त यायच्या. शिक्षिका, नर्स, दुकानदारांच्या घरातल्या सुना. पण बऱ्याच घरांतून विचारणा व्हायची की गाडीत आणखी कोण असतं. एकटी बाई शिकवणार आणि एकटी बाई शिकणार, रस्त्यात गाडी बंद पडली तर काय, असं त्यांचं म्हणणं. सुनेने एकदा सहज मला मागे बसवलं. शिकणारीच्या सासूने मला पाहिलं, माझं गाव विचारलं, माझे पांढरे केस पाहिले आणि आपल्या सुनेला पाठवलं. तेव्हापासून मागची सीट माझी झाली. मी चौथी शिकलेली बाई, गाडीतलं मला काही येत नाही. काम एवढंच की बसायचं. बसण्याचं काम मला चांगलं जमतं.

मग सुनेने स्वतःचा क्लास काढायचं ठरवलं. त्यासाठी स्वतःची गाडी हवी. मुलगा नरडाण्याला कारखान्यात आहे, त्याचं धुळ्याला जाणंयेणं. तो म्हणाला, धुळ्यात जुन्या गाड्या चांगल्या मिळतात, शिवाय तिथे त्याच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, ते पाहून देतील. म्हणून आम्ही तिघं गेलो. दुपारचं ऊन असं होतं की उभ्या गाड्यांच्या दाराला हात लावला तर चटका बसायचा.

गाड्या विकणारा माणूस सगळं मुलाशीच बोलत होता. एव्हरेज किती, टायर कधी बदलले, मालक एकच. सून एकेका गाडीजवळ जायची, डावं दार उघडायची आणि डावीकडे बसायची. मी मागे बसायचे. ड्रायव्हरच्या सीटवर कोणीच नाही. तिसऱ्या गाडीला त्या माणसाला राहवलं नाही.

"वहिनी, चालवणारा इकडून बसतो," तो म्हणाला.

"माहीत आहे," सून म्हणाली. "मी इकडूनच चालवणार आहे."

त्याला काही समजलं नाही. मुलाकडे बघून हसला. मुलगाही हसला, त्याचा मला राग आला.

मुलाच्या मनात एक पांढरी गाडी भरली होती. आत मोठा पडदा, सीटला शिवलेली कव्हरं, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. तो म्हणाला, लोक गाडी पाहूनच क्लासला येतात. त्याचं चूक नव्हतं. मलाही ती गाडी आवडली होती. मी तर मनात त्या सीटवर बसून लग्नाला जाऊनही आले.

तेवढ्यात मिस्त्री आले. दाढी पिकलेली, अंगात तेलाने काळा झालेला सदरा. सून त्यांना चाचा म्हणाली. ते माझ्याशी अहिराणीत बोलले. माझी बोली जळगावकडची, वेगळी, पण समजते. त्यांनी सुनेला पांढऱ्या गाडीत डावीकडे बसवलं आणि सांगितलं, डोळे मीट आणि हँडब्रेक ओढ. सुनेचा हात मधल्या जागेत फिरला आणि रिकामा परत आला. त्या गाडीत हँडब्रेकची मूठच नव्हती. बटण होतं, तेही ड्रायव्हरच्या पलीकडे, उजव्या हाताला.

"बठ्ठा लोके रंग दखतस, अक्का," ते मला म्हणाले. "हात कोठे जास ते कोनी दखत नही."

सगळे रंग बघतात, हात कुठे पोचतो ते कुणी बघत नाही. मुलगा म्हणाला, नवीन जमाना आहे, बटण चांगलं असतं. मिस्त्री म्हणाले, असतं. चालवणाऱ्याला चांगलं असतं. शिकवणाऱ्याचं काय.

मग त्यांनी रांगेच्या शेवटी उभी असलेली एक लाल गाडी दाखवली. लाल म्हणायची, उन्हाने विटकरी झाली होती. नाक आखूड, काचा मोठ्या, खिडक्या हाताने फिरवायच्या. सीट रेक्झिनच्या, फडक्याने पुसल्या की झालं. शिकणाऱ्यांचे तळवे घामाने निथळतात आणि मे महिन्यात एखादीला मळमळतंही, त्याला हेच बरं. सामान कुठल्याही गॅरेजात मिळणारं. ड्रायव्हरची सीट उंच होती. सून त्यावर खूश झाली, कारण तिच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका बुटक्या, त्यांना उशी घेऊन बसावं लागायचं. मागचं दार मोठं होतं, माझे गुडघे न दुखता आत गेले. आणि दोन सीटच्या मध्ये हँडब्रेकची चांगली जाड मूठ. सुनेने डोळे मिटून हात टाकला, मूठ हातात आली. पुन्हा टाकला, पुन्हा आली.

मिस्त्री म्हणाले, "ती गाडी लगीनमा लई जा. शिकाडाले हाई ल्या."

ती लग्नाला न्या, शिकवायला ही घ्या. माझ्या मनातलं लग्न त्यांना कसं कळलं कोण जाणे.

विकणाऱ्याचं तोंड उतरलं. पांढरी गाडी गेली असती तर मिस्त्रींनाही त्याच्याकडून काहीतरी मिळालं असतं, असं मुलानेच मला नंतर सांगितलं. त्यांनी लाल गाडी घ्यायला लावली, डावीकडचे ब्रेक-क्लच स्वतः बसवले आणि निघताना एक ताकीद दिली. खाली, पायांजवळ, सुटी वस्तू ठेवायची नाही. पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

ती ताकीद आम्ही पाळली. सून फार कडक होती. कोणी बाटली आणली की मागे माझ्या मांडीवर यायची. पर्स, डबा, चपलांची पिशवी, सगळं माझ्याकडे. मी बसल्या बसल्या दुकानासारखी दिसायचे.

पुलाच्या दिवशी जी मुलगी शिकायला आली, ती एका मारवाडी कापड दुकानदाराची धाकटी सून. पहिलाच दिवस नव्हता, मैदानावर तिचे आठ-दहा दिवस झाले होते. रस्त्यावर मात्र ती पहिल्यांदा निघणार होती. म्हणून तिची सासू ताट घेऊन आली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, स्वतःच्या सुनेला आणि माझ्या सुनेला टिळा लावला. नारळ फोडायचा नव्हता. रस्त्यावरची फेरी पूर्ण होऊन गाडी परत आली की मग फोडायचा, तोपर्यंत तो गाडीतच राहिला पाहिजे, अशी त्यांच्या घरची रीत. सीटवर ठेवायचा नाही, कारण तिथे माणसं बसतात. माझ्या मांडीवर पर्स आणि डबे. त्या बाईने मागचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटमागे रुमाल अंथरला, त्यावर नारळ ठेवला, नमस्कार केला आणि दार लावलं.

मी पाहिलं. सुनेने पाहिलं. बाटलीला जागा न देणाऱ्या माझ्या सुनेने त्या नारळाला हात जोडले. बाटली ही वस्तू होती. नारळ आमच्यापैकी कोणालाच वस्तू वाटला नाही.

पूल चढताना तो मागेच राहिला. वर गतिरोधकावर गाडी उडाली, मग उतार लागला आणि नारळ पुढे गेला. उंच सीट, खाली मोकळी जागा. ज्या सीटवर सून खूश झाली होती, तिच्याच खालून तो थेट ब्रेकमागे जाऊन बसला.

आता पुन्हा त्या उतारावर येते.

सून ओरडली नाही. नेहमी शिकवते त्याच आवाजात म्हणाली, "तू फक्त समोर बघ आणि स्टिअरिंग सोडू नकोस." तिच्या बाजूचा क्लच चालत होता. तो दाबून तिने गिअर खाली आणला, क्लच सोडला, गाडीने मोठा हिसका दिला आणि माझ्या मांडीवरचे डबे पुढे गेले. दुसऱ्या हिसक्याला तिचा उजवा हात मधे गेला. तिने खाली पाहिलं नाही. मूठ हातात आली आणि ती हळूहळू ओढत राहिली. एकदम ओढली असती तर गाडी फिरली असती, हे तिने मला मागाहून सांगितलं. मग डाव्या हाताने तिने स्टिअरिंग आपल्याकडे खेचलं आणि गाडी रस्ता सोडून काळ्या जमिनीत उतरली. नांगरलेलं शेत होतं. चाकं रुतली, गाडी बांधाला लागून थांबली. ट्रॅक्टर पुढे राहिला, पाच-सहा हातांवर.

धूळ बसली. मग मुलगी म्हणाली, "ताई, माझं काय चुकलं?"

"काही नाही," सून म्हणाली. "तू स्टिअरिंग सोडलं नाहीस." मग ती गाडीतून उतरली आणि बांधावर जाऊन बसली.

ट्रॉलीवरच्या बायका धावत आल्या. त्यांतल्या एकीने ड्रायव्हरच्या पायापाशी वाकून नारळ ओढून काढला. हात वर करणारी हीच होती. तिने नारळ मला दाखवला. "आता याचं काय करू, माय?"

"फोड," मी म्हटलं. "ज्याच्यासाठी ठेवला होता ते झालं."

तिने ट्रॉलीच्या कडेवर आपटून फोडला. आम्ही सगळ्यांनी खोबरं खाल्लं. मारवाड्याची सून आधी नको म्हणत होती, फेरी पूर्ण झाली नाही म्हणून. मग तिनेही खाल्लं.

संध्याकाळी नरडाण्याहून मुलाचा फोन आला. क्लास बंद करा म्हणाला. आता कोणी आपली बाईमाणसं या गाडीत पाठवणार नाही, आणि पाठवू नयेच. फोन ठेवून सुनेने भांडी घासली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मला माहीत होतं, तो म्हणत होता त्यातला पहिला भाग खरा होण्यासारखा होता. एका घराने नावं ठेवली की त्या गल्लीतलं दुसरं घर येत नाही. त्या रात्री तिच्या क्लासचा निकाल आमच्या हातात नव्हता, त्या कापड दुकानदाराच्या घरी होता.

सकाळी ती सासू आली. मी तिला आत बोलावलं. ती बसली नाही.

"नारळ मी ठेवला," ती म्हणाली. "तुमच्या सुनेने माझी सून परत आणली. उद्यापासून ती येईल. पण मागे मी पण बसेल."

"जागा आहे," मी म्हटलं. "ताट घरी ठेवा."

"नारळ?"

"तो दुकानात ठेवा. फेरी झाल्यावर विकत घेऊ."

तेव्हा ती हसली आणि बसली. चहा घेतला. त्या दिवसापासून मागच्या सीटवर आम्ही दोघी असायचो. तिला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटायची आणि बोलायची मात्र माझ्या दुप्पट. तिच्या बोलण्यानेच त्या गल्लीतल्या आणखी बायका आल्या. मुलाने क्लास बंद करायचं पुन्हा काढलं नाही.

ब्रेक तपासायला गाडी धुळ्याला न्यायची होती, तेव्हा मी बरोबर गेले. खरं तर मला मिस्त्रींना भेटायचं होतं. मला आभार मानायची सवय नाही. आमच्याकडे कोणी मानतही नाही. मी त्यांच्यासाठी शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी करून नेल्या. त्यांनी गाडीखाली जाऊन सगळं पाहिलं, बाहेर आले, हात पुसले.

"हात पोचला ना?" त्यांनी सुनेला विचारलं.

"पोचला, चाचा."

त्यांनी मान हलवली. मग ड्रायव्हरच्या सीटखाली मागच्या बाजूने एक पत्र्याची पट्टी लावून दिली, मागून काही पुढे जाऊ नये म्हणून. ही आधीच लावायला हवी होती, असं स्वतःशीच पुटपुटले. मी म्हटलं, नारळाचं तुम्हाला कुठून सुचणार. ते म्हणाले, आमच्याकडे नसतो, म्हणूनच नाही सुचलं. भाकरी त्यांनी तिथेच बसून खाल्ली.

लाल गाडी अजून आहे. रंग आणखी गेला आहे.

त्या दिवशी गाडीत माझी सून होती, शिकणारी मुलगी होती आणि मी होते. ट्रॉलीवर केळीच्या कामाला निघालेल्या बायका होत्या. आम्ही सगळ्या जिवंत राहिलो.