घड्याळ कपाटात, टोल खिडकीखाली

भूतखेत, अंगात येणं वगैरे ऐकलं की मला हसू येतं. आमच्या घरात तर नवी कामं मुद्दाम अमावास्येला सुरू व्हायची! त्यामुळे हे लिहिताना माझंच मला नवल वाटतंय...

१९८४ साल. नागपुरात गांधीबागेत, कापडाच्या एका गोदामाच्या माडीवर, जेलमधून सुटलेल्या माणसांसाठी वसतिगृह होतं. मी तिथे हातमाग शिकवायचे. खापा गावचा गणपत बारा वर्षांची शिक्षा भोगून आमच्याकडे आला. मूळचा विणकर, हातात कसब. पण भाच्यानं हौसेनं दिलेलं डिजिटल घड्याळ मनगटावर चढलं आणि माणूस कामातून गेला! आडवं सूत नेणारा धोटा अर्ध्यात, नजर आकड्यांवर. जेवताना घाससुद्धा हातातच राहायचा.

"काहून पाहून राहिले सारखं, गणपतराव?" मी विचारलं.

"बाई, नाही पाह्यलं तर टाइम थांबून जाईन. आतमंदी महादूकाका टोल द्यायचे, तवा तास सरे. इथं कोन देते?"

जेलमध्ये दर तासाला पितळी थाळी बडवतात, तो टोल. महादूकाका म्हणजे ते काम करणारा जुना, जन्मठेपेचा कैदी.

गणपतची बहीण शेवंताबाई त्याला घरी न्यायला तयार होती, पण एका अटीवर — त्यानं दिवसभर मागावर बसून दाखवायचं. नुसतं घड्याळ पाहत बसणारा माणूस तिच्या नवऱ्यानं दोन दिवसही ठेवला नसता.

मग मी शहाणीनं काय करावं? सवय मोडायची म्हणून पहिल्याच दिवशी घड्याळ कपाटात घालून कुलूप लावलं. दुपारी गणपत गायब! सापडला तो इतवारीच्या बाजारात, घड्याळाच्या दुकानासमोर, भर उन्हात, डोळ्यांत पाणी. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू... मग रीत बदलली. आज अर्धा तास घड्याळाविना, उद्या पाऊण. महिन्याभरात दोन तासांवर आलो आणि तिथेच गाडं अडलं.

मग एका सोमवारी तो सकाळपासून पाचपर्यंत विणतच राहिला.

"टोल ऐकू येऊन राहिला ना, बाई," म्हणाला.

मनाचे खेळ, दुसरं काय! पण टोल ऐकू आला की तो बोट वर करायचा, तेव्हा माझ्या घड्याळात नेमका तास भरलेला असायचा. आणि जेल तर तिथून चांगलं पाच किलोमीटर, मध्ये सगळा बाजार.

शनिवारी शेवंताबाई बघायला आली. ती समोर बसली आणि गणपत बावरला. चारच्या सुमारास धोटा थांबला, हात रिकाम्या मनगटाकडे गेला. शेवंताबाईनं तोंड फिरवलं.

आणि मला ऐकू आलं... चार ठोके. पितळेचे, स्वच्छ, अगदी खिडकीखाली वाजल्यासारखे.

"बाजूले शाळा हाये काय, बाई?" शेवंताबाईनं विचारलं. म्हणजे तिनंही ऐकले होते! आसपास शाळा नव्हती, देऊळ नव्हतं. मी धावत खाली जाऊन हमालांना विचारलं. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

वर आले तर माग चालू. पाच वाजता शेवंताबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चाल गा दादा, घरी चाल." मला रडूच आलं.

सोमवारी कामासाठी जेलमध्ये गेले, तेव्हा महादूकाकांची चौकशी केली. ते तिथल्या दवाखान्यात होते. अर्धांगवायूनं उजवा हात दोन महिने लुळा.

"पण गंमत पाहा मॅडम," कंपाउंडर म्हणाला, "मागच्या सोमवारपासून दिवसा दर तासाले थो हात उठे अन् खाटेच्या दांडीवर आपटे. शनिवारी पाचले शेवटचा. मंग बंद."

म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी कोण, कुठून आले, कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

"गनपत पोचला काय घरी?"

"पोचला, काका."

"मंग झालं," म्हणाले आणि कूस बदलली.

चाळीस वर्षं झाली, मला याचा अर्थ लागलेला नाही. वसतिगृहाच्या वहीत 'सवय कुणी सोडवली' यापुढे मी माझं नाव लिहून मोकळी झाले, पण गणपतला घरी मी नाही पोचवलं.