मडमेच्या नावाच्या वर

दुपारची भाकरी खाऊन रिबकाबाई ओट्यावर जरा कलंडते. मांडीवर चर्चमधल्या मेजाचं कापड आहे. पाळकसाहेब सकाळीच देऊन गेलेत. म्हणाले, "कोपऱ्यात मडमेचं नाव विरलंय. उद्याच्या उपासनेआधी तेवढं पुन्हा उठवा." कापडावरची द्राक्षवेल आणि वचन, सगळं रिबकाबाईच्या आईनं मिशनच्या शिवणवर्गात फुलीच्या टाक्यानं भरलेलं. नमुना विलायतेच्या जुन्या राणीच्या काळातला. नाव मात्र वर्ग चालवणाऱ्या मडमेचं.

सुई हातात आहे, पण बिनदोऱ्याची. वर्षभरात रिबकाबाईला नेढं म्हणून दिसलेलं नाही. डोळे मिटतात.

ओट्याच्या पायऱ्या खाली खाली वाढत जातात आणि शिवणवर्गाच्या होतात. शेवटच्या पायरीवर दीनाबाई बसलीय. तिची आई. जाऊन तीस वर्षं झाली.

"मान मोडेल अशी झोपतेस," दीनाबाई म्हणते. "खोड काही गेली नाही."

"आई, वाचता येत नव्हतं, मग एवढं वचन भरलंस कसं गं?"

"कापडाच्या विणीतली घरं मोजून. चार आडवी, सहा उभी, की झालं अक्षर. मडम आधी कापडाची पाठ उलटून बघायची. एक गाठ दिसली की सगळं उसव म्हणायची."

आता दोघी नदीत उभ्या आहेत. पाणी गुडघ्याएवढं, आणि पाण्यावर कापडासारखी बारीक घरं.

"तू लिहा-वाचायला शिकलीस म्हणे?"

"पंचावन्नाव्या वर्षी. हसली सगळी."

"हसू देत. माझं नाव कसं दिसतं, ते दाखव. जगाची नावं भरली मी, माझं कधी बघितलं नाही."

रिबकाबाई पाण्यावर बोटानं लिहिते. अक्षरं वाहून जात नाहीत. दीनाबाई एकेक घर मोजते, पुन्हा मोजते.

"एवढंसंच? एका दुपारचं तर काम."

"मडमेचं उसवू?"

"राहू दे बिचारीला. पण माझ्या खाली."

"पाळकसाहेब चिडतील."

"चिडू देत. मेज झाकायला दुसरं कापड आहे का त्यांच्याकडे?"

दीनाबाई लाल दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करते आणि न बघता ओवते.

ऊन ओट्यावरून उतरलंय. रिबकाबाई डोळे उघडते. हातातल्या सुईत लाल दोरा आहे, त्याचं टोक अजून ओलं.

ती कापड उलटं करते, पाठीवर पहिल्यांदा एक ठसठशीत गाठ मारते. मग सुलट करून, मडमेच्या नावाच्या वर, घरं मोजायला लागते.