मोडून बघणाऱ्या शैलजाताई

दातात भरायच्या मसाल्याची नवी ट्यूब आली की शैलजाताई तो मसाला आधी कुठल्याही पेशंटला वापरत नसत. सरबत प्यायच्या पारदर्शक नळीचा बोटभर तुकडा कापायचा, त्यात मसाला ठासायचा, निळा दिवा सगळ्या बाजूंनी धरायचा आणि घट्ट झालेली काडी सोलून पाण्याच्या वाटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्या ती काडी अंगठ्यांत धरून मोडेपर्यंत वाकवत. त्या वेळी डोळे मिटलेले असत. "डब्यावर लिहिलेलं असतं ते कंपनीचं मत," त्या म्हणत. "मोडताना ऐकू येतं ते त्याचं स्वतःचं."

जव्हारला एसटी डेपोमागच्या गल्लीत त्यांचा दातांचा दवाखाना होता. मी नाशिकचा, माझाही धंदा दातांचाच. अधूनमधून शनिवारी त्यांच्या मदतीला जायचो. मदत कसली, शिकायलाच. कॉलेजात पाठ केलेलं रसायनशास्त्र मला त्यांच्या तोंडून पहिल्यांदा कळलं.

"हे बघ अविनाश, यात एक जाडजूड रेणू असतो. मधासारखा, जागचा न हलणारा. ताठपणा त्याचा. त्याला वाहतं करायला पातळ, चपळ रेणू मिसळतात. तो फार झाला की उजेड पडल्यावर सगळं जास्त आकसतं आणि दाताची भिंत सोडतं. शिवाय काचेची भुकटी. ती ठासून भरली की भरण कडक होतं. पण कडक माणसासारखं, एक दिवस न सांगता तुटणार." मग माझ्याकडे बघून म्हणत, "तुझ्यासारखं नाही. तू आधी महिनाभर कण्हशील."

मी हसायचो, पण त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. पेशंटचा दात दुखला तरी माझंच काही चुकलं असणार, असं मला वाटत राहतं.

सोनीबाई खोडाळ्याजवळच्या पाड्यावरची. बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणून बाजारात विकायची. तिच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटला होता. ताईंनी सगळ्यात मजबूत मसाला घेऊन तो असा बांधला की खरा दात कुठे संपतो ते मला दिसेना. आठवड्यात ती परत आली. कोपरा गायब. पुन्हा बांधला, पुन्हा गेला.

"काय चावलंस ग?" ताईंनी विचारलं.

"काय नाय बाय. नागलीची भाकर न् भाजी."

"हाड? सुपारी?"

"मी काय कुत्रा हाय का हाडूक फोडायला?" सोनीबाई म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "नीट बसव ना बाय. दात नाय तं टोपली नाय. टोपली नाय तं दिवाळी झाली का नवऱ्यासंगं वीटभट्टीवर जावा लागंल. पोरीची शाळा सुटंल."

दाताचा आणि टोपलीचा संबंध काय, हे आम्ही दोन डॉक्टरांनी विचारलंच नाही. आम्हाला वाटलं, गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायची तिला लाज वाटत असेल.

पण ताईंना चैन पडेना. बाजाराच्या दिवशी त्या मला घेऊन खोडाळ्याला गेल्या. सोनीबाई रस्त्याच्या कडेला विणत बसली होती. टोपली पायांत दाबलेली, एका हातात कोयती, आणि बांबूची चिरलेली ओली पट्टी पुढच्या दातांत घट्ट धरून ती मान मागे घेत ओढत होती. दर ओढीला त्या दाताला हिसका बसत होता.

"तिला सांगा, दातात धरू नकोस," मी म्हणालो.

"तो तिचा तिसरा हात आहे. उद्या मी तुला म्हटलं, डावा हात खिशात ठेवून दात भर, तर?"

एवढं बोलून ताई तिच्याशेजारी फतकल मारून बसल्या. एक पट्टी मागून दातांत धरली आणि ओढली. ओठ चिरला. सोनीबाई हसून हसून आडवी झाली. "राहू दे बाय. तुजं दात दवाखान्यातच बरं."

परत आल्यावर ओठाला कापूस लावून ताईंनी कपाटातल्या सगळ्या ट्यूबांच्या काड्या केल्या. दुसऱ्या दिवशी मोडायला घेतल्या. मजबूत म्हणवणारी कट्‌कन गेली. एक मात्र वाकली, आणखी वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. तिच्यात काच कमी होती, आणि जाडजूड रेणूच्या जागी लवचीक साखळीचा.

"हा," त्या म्हणाल्या.

"लवकर झिजेल. पिवळा पडेल."

"पडू दे. झिजलं तर वर थर चढवता येतो. तुटलं की तिचं काम थांबतं."

सोनीबाईलाही त्यांनी काही लपवलं नाही. "हा दात दिसायला ओंगळ होईल. दर वर्षी भात कापून झालं की यायचं."

"दिसायला कोण बघतंय? नवरा तं टोपल्याच बघतो."

त्या दिवाळीनंतर नवरा एकटाच भट्टीवर गेला.

यंदा श्रावणात ताई गेल्या. त्याआधीचे कितीतरी शनिवार मी काही ना काही कारण सांगून टाळले होते. कार्तिकात त्यांच्या भाच्याने दवाखाना रिकामा करायला मला बोलावलं. टेम्पो दारात उभा होता, आणि पायरीवर सोनीबाई.

"बाय कुठं?"

मी सांगितलं. ती पदर तोंडाला लावून पायरीवर बसली. मग उठली, आत आली, स्वतःच खुर्चीत बसली आणि तोंड उघडलं. कोपरा पिवळा पडला होता, अर्धा झिजला होता. कड कुठेही सुटलेली नव्हती.

मी तोच मसाला शोधून काढला. थर दिला, निळा दिवा धरला. ती डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती. दिवा बंद केला तेव्हा म्हणाली, "बाय पोरीचा विचारायची."

"कशी आहे पोरगी?"

"हितंच हाय, जव्हारला. वसतिगृहात. यंदा दहावीला."

तिने दातावरून जीभ फिरवली. "पुढल्या साली तू असशील?"

मी हो म्हणालो. टेम्पोवाल्याला फक्त कपाटं न्यायला सांगितली. खुर्ची आणि दिवा तिथेच राहिला.