धुराचे पाणी करणारे खाजगीवाले

पुण्याला समुद्र नाही, ही गोष्ट श्यामसुंदर खाजगीवाल्यांनी कधी अडचण मानली नाही. भोसरीच्या एका कारखान्यात बसून त्यांनी उभी हयात जहाजांचे बॉयलर आखले. इंजिनाचा तापलेला धूर धुराड्यातून आभाळात निघून जातो, त्याला वाटेत अडवायचे, त्याची ऊब काढून घेऊन पाण्याची वाफ करायची आणि मगच त्याला जाऊ द्यायचे, असे ते बॉयलर. पुढे वीज केंद्रांसाठीही त्यांनी हेच केले. स्वतः ते जहाजावर एकदाच चढले, तेही ते धक्क्याला बांधलेले असताना, आणि तिथेही समुद्राकडे पाठ करून धुराडे बघत उभे राहिले.

अशा माणसाचे घरी काय होते ते त्यांच्या पत्नीला, उल्काताईंना विचारावे. कुकरची शिट्टी झाली की खाजगीवाले हळहळायचे. इस्त्री बंद केली की ती गार होईपर्यंत रुमाल घेऊन तिच्यापाशी उभे. "यांच्यासमोर सुस्कारा टाकायचीसुद्धा सोय नाही," असे उल्काताई म्हणत.

निवृत्तीनंतर वारज्याच्या सोसायटीत त्यांची नजर जनरेटरवर पडली. वीज देखभालीसाठी दर गुरुवारी जाई, तेव्हा तो धडधडू लागे आणि त्याचा धूर बिनबोभाट वर निघून जाई. खाजगीवाल्यांना ते बघवेना. सर्वसाधारण सभेत त्यांनी धुराची बाजू इतक्या पोटतिडकीने मांडली, की दोघे-तिघे घरी जाऊन स्वतःच्या चिमणीकडे संशयाने बघू लागले. खर्च खाजगीवालेच करणार, सोसायटीला तो पडणार नाही हे कळताच ठराव एकमताने मंजूर झाला.

"म्हणजे बंबच ना?" उल्काताईंनी रात्री जेवताना विचारले.

"तत्त्वतः," खाजगीवाले म्हणाले आणि ताकाचा पेला उचलला.

बंब तयार झाला. जनरेटरच्या धुराच्या वाटेत नळ्यांचे जाळे बसले, आणि झडप एका बाजूला फिरवली की धूर नळ्यांतून, दुसऱ्या बाजूला फिरवली की थेट आभाळात. पहिल्याच गुरुवारी टाकीतले पाणी हात लावू देईना. सोसायटीने शाल-श्रीफळ दिले. चिटणीस आफताब बागवान भाषणे टाळणारा माणूस, मार्केट यार्डातला फळांचा व्यापारी. तोही म्हणाला, की काकांनी आपल्याला फुकटात गरम पाणी दिले. खाजगीवाल्यांना त्यातला 'फुकट' हा शब्द जरा खटकला होता, पण शाल अंगावर असताना कोण दुरुस्त्या सुचवणार?

थंडी पडली आणि तो शब्द इमारतभर पसरला. लोक बुधवारची आंघोळ गुरुवारवर ढकलू लागले. नळाला कढत पाणी आल्याची वर्दी ग्रुपवर आली, की कचेरीला उशीर होत असलेली माणसेही टॉवेल शोधू लागत. एका गुरुवारी वीज गेलीच नाही, तेव्हा बी विंगच्या तात्यारावांनी वीज कचेरीत फोन करून आज वीज का घालवली नाही, याचा खुलासा मागितला. तो मिळाला नाही. तात्यारावांनी त्यावर लेखी तक्रार करायचे ठरवले.

मग एका रविवारी सकाळी खाजगीवाल्यांना जनरेटरचा आवाज आला. डोक्यावरचा पंखा फिरत होता, फ्रिज घुरघुरत होता. ते चपला घालून खाली गेले. आफताब झडपेपाशी उभा होता.

"लाइट आहेत की," खाजगीवाले म्हणाले.

"लाइट आहेत, काका. पाणी गार आहे."

खाजगीवाल्यांनी त्याला समजावले, की वाया जाणारी ऊब वाचवायची, वाया घालवण्यासाठी ती तयार करायची नाही. आफताबने आदराने ऐकून घेतले. मग म्हणाला, की तुम्हीच सभेत सांगितले होते, जनरेटरवर लोड नसेल तर धूर कोमट राहतो, म्हणून सगळी सोय केली आहे. खाजगीवाल्यांनी वर पाहिले. भर उन्हात जिन्यांतले दिवे लागले होते. लिफ्ट रिकामी वर जात होती आणि रिकामी खाली येत होती. तेवढ्याने भागेना म्हणून ए विंगला घरोघरी गीझर लावायला सांगितले होते. गीझर लावले की लोड येई, लोड आला की धूर तापे, धूर तापला की पाणी तापे. त्या गीझरांतल्या पाण्याचे काय, असे त्यांनी विचारले. ते सोडून द्यायचे, म्हणजे गीझर चालू राहतो, असे उत्तर मिळाले.

खाजगीवाले तिथल्याच कट्ट्यावर बसले. बॉयलर सूटमधल्या परदेशी तज्ज्ञांपुढेही ते कधी असे बसले नव्हते. महिन्याभरात पुढची सभा भरली. तात्यारावांनी दुसरा, मोठा जनरेटर घ्यायचा ठराव मांडला आणि त्याचा बंब आखण्याची विनंती खाजगीवाल्यांना केली. टाळ्या पडल्या.

खाजगीवाले उठले. "हा धूर जाऊ द्या," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हे शब्द त्यांच्या तोंडून निघत होते आणि ते त्यांना चांगलेच जड गेले. "वीज गेली तरच बंब चालेल. एरवी झडप आभाळाकडे, आणि तिच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे. हे मान्य नसेल तर मी उद्याच नळ्या काढून नेतो."

सभा तापली. ज्याने दिले तोच काढून घेतो, असे कुणी म्हणाले. तात्यारावांनी शाल परत मागण्याची तरतूद नियमांत आहे का, याची चौकशी केली. अखेर डिझेलचा खर्च कुणाच्या माथी मारायचा, एवढेच आफताबने विचारले आणि खाजगीवाल्यांची अट मंजूर झाली.

फुकटाची गोडी गेल्यावर लोक पुन्हा सकाळी लवकर आपापल्या गीझरकडे वळले. गुरुवारी वीज जाते ती दहाच्या सुमारास. तोवर सगळ्यांच्या आंघोळी उरकलेल्या असतात. खाजगीवाले तरीही नेमाने खाली जातात, कुलूप काढून झडप फिरवतात. ते पाणी आता घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायका वापरतात. त्यांच्यातल्या मंदाकिनीबाईंनी परवा त्यांना जिन्यात थांबवले.

"दर गुरुवारी तेवढी बोटं सुटी होतात बघा, साहेब," त्या म्हणाल्या. "बाकीच्या दिवशी थंडीनं काठीगत होत्यात."

खाजगीवाल्यांनी घरी येऊन ते उल्काताईंना सांगितले. उल्काताई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी तवा उतरवला आणि आपल्याकडे मंदाकिनीबाई एरवी गार पाण्यानेच भांडी घासतात, तर स्वयंपाकघरातला गीझर उद्यापासून लावून ठेवा, असे सांगितले.

खाजगीवाल्यांनी स्टूल ओढले आणि गीझरची वायर तपासायला घेतली.