बादशहाची थोरली

विड्या वळताना हात गुंतलेले, पण कान मोकळे. म्हणून आमच्या कारखान्यात एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी रीत पडली होती. वाचणारीच्या सुपात प्रत्येकीनं आपल्यातल्या मूठभर विड्या टाकायच्या, म्हणजे तिचं काम मागं पडत नसे. ती वाचणारी मी. शाळेत कधी गेले नाही हो, पुड्यांवरची लेबलं बघबघून अक्षरं लावायला शिकले. लग्न व्हायचं होतं माझं, आईशेजारी बसायची.

एकदा पुडे बांधायच्या रद्दीत एक जाड पुस्तक आलं. पुठ्ठा फाटलेला, पुढची पानं गेलेली. फ्रान्स देशातल्या लोकांनी राजाला कसा गादीवरून ओढला, त्याची हकीकत. म्हटलं, बघू तर वाचून.

बायका आधी कुरकुरल्या. देवादिकाचं काही वाच म्हणाल्या. पण खायला भाकर मिळेना म्हणून बाजारातल्या बाया पावसात चिखल तुडवत राजवाड्यावर गेल्या, हे आलं आणि सगळ्याजणी सावरून बसल्या. तेव्हा सोलापुरात गिरण्या बंद पडल्या की ज्वारीच्या दुकानापुढं काय होतं, ते आम्हाला कुणी सांगायला नको होतं.

आमच्यात एक म्हातारी होती, सगळ्या तिला आक्का म्हणायच्या. विजापूरकडची. ती म्हणाली, “आन राजाला आणला? बायकांनी?”

“आणला की, पार शहरात. राणीला, पोराला, समद्यास्नी.”

“शाब्बास गं बायांनो!” त्या दिवशी माझं सूप शीगभर भरलं.

पुढं राजाला मारलं तेव्हा कुणी हळहळलं नाही. पण राणीचं लेकरू तिच्यापासून तोडून नेलं ते वाचलं, तर आक्कानं कात्री खाली ठेवली. “ह्ये वंगाळ. भांडण राजासंगं हुतं. लेकरानं काय केलं?” मग राणीचंही डोकं उडवलं. दुसऱ्या दिवशी कळलं, आक्कानं घरी जाऊन सुतक आल्यागत डोक्यावरून पाणी घेतलं होतं. बायका हसल्या, तर म्हणते कशी, “इतके दीस तिचं आयकलं. वळखीचीच झाली की!”

मग राजाला मारणाऱ्यांनी एकमेकांना मारलं, आणि त्यातून एक तरणा सरदार वर आला नि बादशहा झाला. बादशहा म्हटल्याबरोबर आक्कानं ठरवूनच टाकलं की ही गोष्ट विजापूरची. मी सांगून पाहिलं, “अवो आक्का, सातासमुद्रापल्याड हाय त्ये.”

“विजापूर काय जवळ हाय व्हय? मी चालत आलीया तिथनं, मला इचार.”

आता तुम्हाला आमच्यातल्या एका सुनेचं सांगायला पाहिजे. माझ्या समोरच बसायची. बोलायची कमी, हात मात्र असा चालायचा की बघत राहावं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सासरच्यांनी नवऱ्यासाठी दुसरी, दुधनी गावची मुलगी बघितली होती. त्यांच्यात रीत अशी, की पंचांसमोर थोरलीनं राजीखुशीनं ‘हो’ म्हटल्याशिवाय धाकटीची सुपारी फुटत नाही. आणि हो म्हटलं की हिला माहेरी धाडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. माहेरी आई-बाप नाहीत. भाऊ-भावजय, त्यांचेच हाल. नाही म्हणायची तर सोय नव्हतीच.

मी घरी पानं पुढं चाळायची, म्हणून मला ठाऊक होतं, पुढं बादशहा बायकोला टाकतो. मूल नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या पानाशी आले आणि गप्प बसले. आईनं डोळ्यांनी खुणावलं, उलट पान.

समोरून तीच म्हणाली, “थांबलीस का? वाच की.”

वाचलं. बादशहाची बायको आधीची विधवा, पहिल्या नवऱ्याची दोन मुलं तिला.

“बादशानं पाट लावला हुता व्हय!” आक्का खूश. मग एकदम, “आँ? तिला दोन लेकरं हुती? मग वांझ कोन गं?” हसता हसता बायकांनी आवरतं घेतलं, त्या सुनेकडं बघून.

भर दरबारात त्या बाईला उठून स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं, की मी राजीखुशीनं बाजूला होते. अर्ध्यावर तिनं हातातला कागद दुसऱ्याला दिला, पुढचं त्यानं वाचलं. आणि नवी बायको केली ती कोण? डोकं उडवलेल्या राणीच्या माहेरची, नात्यानं नातच.

“मग येवढी डोस्की कशाला उडवली मेल्यांनी?” आक्का म्हणाली. 

पण ती समोरची वेगळंच विचारत होती. “तिला ठेवलं कुटं?”

“गावाबाहेरचा वाडा दिला. राणी म्हणायचे तेबी तसंच ठेवलं.”

“कायमचा? काडता येत न्हवतं कुनाला?”

“न्हाई. मरेपर्यंत तिचाच.”

तिनं हातातल्या विडीला दोरा गुंडाळला.

सुपारीला शेजारपाजारच्या बायका गेलो होतो. पंच बसले, ताटात नारळ-सुपारी. त्यातले एक म्हातारे म्हणाले, “सूनबाई, तुजी राजीखुशी हाय न्हवं?”

“हाय. पर आदी माजं आयका.” पदर घट्ट धरलेला, आवाज मात्र सरळ. “मागली खोली माजी, मरस्तवर. तिची कडी मी आतनं लावनार, भाईरनं कुनी लावायची न्हाय. आन थोरलीचा मान माजा. देवाला पयला निवद मी दाकवनार.”

सासू ताडकन उठली. “ह्ये कुनी शिकवलं गं तुला?”

“बादशाच्या थोरलीनं. तिलाबी वाडा दिला हुता, मानबी ठिवला हुता.”

म्हाताऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. “विजापूरच्या?”

मी मान खाली घातली. आक्का मागून ठणकावून म्हणाली, “तर वो! मी तिकडचीच हाय.”

“मग बादशाही रिवाज हाय. जुना हाय. मोडून चालायचं न्हाय,” म्हातारे म्हणाले, आणि बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. सासऱ्यांना पंचांपुढं बोलता येईना. सुपारी फुटली.

लग्न झालं, धाकटी आली. पुस्तकही संपत आलं. बादशहा हरला, त्याला एका बेटावर नेऊन टाकलं.

“नवी गेली का त्येच्यासंगं?” समोरून प्रश्न.

“न्हाई. लेकरू घिऊन माहेरी गेली.”

“आन थोरली?”

“ती त्याच सालात वारली. आपल्या घरात.”

“आपल्या घरात,” ती म्हणाली, आणि सुपातलं पुढचं पान उचललं.