खटका वर म्हणजे चालू

माणसाला राग यावा अशी जगात जेवढी कारणं आहेत, तेवढी सगळी एकाच माणसात कोंबून त्याला माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा करण्यात आलं आहे. आमचे भाऊजी विमान बांधतात. शोकेसमध्ये ठेवायचं नव्हे, दोन माणसांना घेऊन उडेल असं. काटोल रोडवर जिथं पूर्वी संत्र्यांच्या पेट्या भरत, त्या टिनाच्या शेडमध्ये. वीज खात्यातून निवृत्त झालेली माणसं सकाळी बागेत फिरतात आणि सरकारला नावं ठेवतात. भाऊजींना तेवढंही जमलं नाही. पंख झाले, चाकं लागली, इंजिन आलं. अडलं फक्त एका पाटीपाशी. पायलटच्या समोर मेन, पंप, दिवे, रेडिओ अशा खटक्यांची एक पाटी असते. ती पाटी तीन वर्षं ‘बस, झालीच’ होती. या विमानात शेजारच्या खुर्चीवर ताई बसणार, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरलेलं. साठी ओलांडलेली, गुडघ्यांनी टेकीला आलेली माझी एकुलती एक बहीण ‘हो’ म्हणून मोकळी झाली आणि माझी झोप उडाली.

मी याद्या करून जगणारी बाई आहे. माझ्या घरात गॅस अचानक संपत नाही. त्यामुळे एक काम तीन वर्षं चालतं म्हणजे काय, हे मला समजतच नाही. पाटी आधी पुठ्ठ्याची झाली, मग प्लायवूडची. मग पत्र्यात खटके कसे बसतात ते पाहायला भाऊजींनी इतवारीच्या बाजारातून आणलेल्या ताईच्या नव्या परातीला ओळीनं भोकं पाडली. ताई त्या परातीत अजून भाजी धुते. म्हणते, पाणी छान निथळतं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला भाऊजी स्टुलावर बसवत, उन्हात बांधायचा दुपट्टा त्याच्या डोळ्यांवर गुंडाळत आणि कानाशी ओरडत, “धूर! धूर झाला! मेन बंद कर!” प्रत्येक खटक्याचं टोक वेगळं होतं, एक गोल, एक चपटं, एक खडबडीत, नुसत्या बोटांना कळावं म्हणून. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूससुद्धा ही परीक्षा देऊन गेला. ताई मात्र रोज द्यायची. एका हातानं पोळी शेकत, डोळे मिटून.

इथवर मी सहन केलं. पण विमानात खटका वर केला की चालू होतो आणि आपल्या घरी बटन खाली केलं की. म्हणून हाताला सवय लागावी यासाठी भाऊजींनी अख्ख्या घराची बटनं उलटी बसवली. भर मे महिन्यात रामटेकची आत्या आली, कूलरचं बटन खाली असलेलं पाहिलं आणि लाइन गेली समजून दुपारभर पेपरनं वारा घेत घामाघूम बसून राहिली. भाऊजी शेजारच्या खोलीत खूश.

“पाह्यलं? हात कसा चुकते! विमानात चुकला असता म्हणजे?”

“भाऊजी, आत्या विमानात कशाला बसेल?”

“तुले समजत नाही वं. डोळा फसवते, हात नाही फसवत. हाताले शिकवलं पाहिजे.”

पुढच्या आठवड्यात मी बँकेत गेले असताना त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातलं बोर्डही उलटं केलं. न विचारता! मी आले, बटन खाली केलं, मिक्सर ढिम्म. काय झालं पाहायला झाकण काढलं आणि बटन वर केलं. जवसाची चटणी छतापर्यंत गेली. मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “आता दोन दिवसांत सवय होते पाह्य.”

मग वैमानिकाला लागते ती डोळ्यांची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी साफ नकार दिला. दोन्ही डोळ्यांची नजर कडेकडेनं जात चालली होती. आजची नव्हे, तीन-चार वर्षांपासूनची. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, गोल खटका काय, चपटा काय, दुपट्टा काय! मी तडक शेडवर गेले.

“या डोळ्यांनी माझ्या बहिणीला वर नेणार होतात?”

भाऊजी पाटीवरची धूळ पुसत राहिले. “म्हणून तर तिले शिकवून राहिलो होतो.”

“आणि तू?” मी ताईकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“वर्षभर चहा बशीच्या बाहेर ओतून राहिले हे,” ताई म्हणाली. “मले नाही समजणार का वं?”

मी दोघांशी महिनाभर बोलले नाही. त्या महिन्यात भाऊजींनी घरची सगळी बटनं सुलटी केली. माझ्याकडेही स्क्रू काढायचा पेचकस घेऊन आले, तर मी दारातूनच परत पाठवलं. तीन वर्षं सगळ्यांच्या डोक्याला ताप देऊन आता कसलं सरळ करताय?

विमान शेवटी एका तरुण पायलटनं उडवलं. सगळ्या चाचण्या आणि परवानग्या झाल्यावर ताईची पाळी आली. मी शेवटचा प्रयत्न केला, “ताई, नको बसू.”

“काहून? पाटी तर मलेच येते.”

शहराबाहेरच्या धावपट्टीवर, कुंपणाशी मी आणि भाऊजी उभे होतो. आत त्या पोरानं पाटीकडे वाकून पाहिलं. ताईचा हात त्याच्या आधीच तिथं पोचला होता. पंखा फिरला. मी भाऊजींना चांगलं झापायला वळले. त्यांची नजर विमानावर नव्हतीच. एवढ्या मोकळ्या मैदानात ते त्यांना सापडत नसावं. डोळे मिटून ते ताठ उभे होते आणि उजवा हात छातीसमोर हवेत एकेक खटका वर करत चालला होता. मेन. पंप. दिवे. रेडिओ.

“काय करून राहिले, भाऊजी?”

हात झटकन खाली आला. “काही नाही वं. माश्या फार आहेत इथं.”

रखरखत्या उन्हात एकही माशी नव्हती. इतका राग मला त्या माणसाचा कधी आला नव्हता. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा ते कुठं आहे हे त्यांना सांगायला मी त्यांचं मनगट धरून तिकडे वळवलं, आणि ते दिसेनासं होईपर्यंत सोडलं नाही.