अल क्वोजच्या खोलीसाठी वर गेलेला हात

गेल्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर भरलेल्या आपल्या गावजमातीच्या मीटिंगमध्ये माझ्या दादांवर, म्हणजे आजोबांवर, अन्याय झाला. करणारे परके नव्हते, आपणच.

इथे दुबईत, अल क्वोजमधली गावची खोली बंद करायची का, एवढाच विषय होता. दादांनी बोलायला हात वर केला. सेक्रेटरी म्हणाले, "चाचा, सॉरी हां. तुम्ही आता व्हिजिट व्हिसावर. रेसिडेन्सी नसेल तर बोलता येत नाही. कायदा तुमचाच."

"चाचा हिटविकेट!" मागून कोणीतरी ओरडलं. हॉल हसला. दादाही हसले आणि त्यांनी हात खाली घेतला.

मला नाही हसू आलं.

आपल्या गावातून इथे आलेला पहिला माणूस म्हणजे दादा. रास अल खैमाच्या सिमेंट फॅक्टरीत लागले तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. गोदामात पुठ्ठा अंथरून झोपायचे. पुढे अल क्वोजला नोकरी मिळाली तशी त्यांनी खोली घेतली आणि रीत घातली: गावचा नवा माणूस पहिला पगार होईपर्यंत इथे झोपेल, इथेच जेवेल, त्याच्याकडे कोणी काही मागायचं नाही. जमात त्या खोलीतच उभी राहिली. दादा अध्यक्ष झाले, पुन्हा पुन्हा झाले. भोळे नव्हते हां. निवडणुकीच्या शुक्रवारी बिर्याणी आमच्याच घरून जायची.

तो कायदा त्यांचाच, खरं आहे. गावची बडी मंडळी फिरायला यायची, खोलीत कोणी राहायचं ते ठरवायची आणि सोनं घेऊन परत जायची. म्हणून दादांनी ठराव केला: जो इथे राबतो, तोच बोलेल. रिटायर झालो की आपलाही व्हिसा जाणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. इथे कुणाच्या येतं?

गाडीत मी तणतणत होतो. "दादा, दॅट्स नॉट फेअर!"

"कायदा बरोबर हाय. खलास." थोड्या वेळाने म्हणाले, "पण नवीन पोरगा आला तर उतरणार कुठे?"

हेच त्यांना हॉलमध्ये विचारायचं होतं.

येत्या शुक्रवारी मतदान आहे. रविवारी दादांचं विमान. या वयात ते पुन्हा येतील असं मला वाटत नाही.

त्या खोलीत तुम्ही झोपलायत, नाहीतर तुमचे अब्बा. शुक्रवारी या, आणि खोलीवर मत देण्याआधी दादांना बोलू द्या म्हणून हात वर करा.